चरबी हाडांना काय सांगते?

आपल्या बोलण्यात चरबीला मान नाही. कोणी उद्धटपणे वागली, की 'चरबी चढलीय तिला' म्हणून आपण मोकळ्या होतो. हाडांचा मान मात्र मोठा! खस्ता खाऊन जिने मुलं वाढवली तिने 'हाडाची काडं केली', आणि जीव ओतून शिकवतो तो 'हाडाचा शिक्षक'. हाड म्हणजे कष्ट आणि सचोटी, चरबी म्हणजे आळस आणि माज, अशी वाटणी आपण कधीच करून टाकली आहे. तेव्हा मैत्रिणींनो, या दोघांचे आतून चांगलेच नाते आहे, चरबी हाडांना सतत निरोप धाडत असते, असे कोणी सांगितले तर ते चटकन पटायचे नाही.

हे नाते समजून घ्यायचे ते केवळ शास्त्राची हौस म्हणून नव्हे. तुमच्या घरात, शेजारी किंवा नात्यात पंधरा ते बावीस वर्षांची एखादी मुलगी असेलच. बारावी झाली, कॉलेज सुरू झाले, की तिचे आरशासमोर उभे राहणे वाढते. मग रात्रीची पोळी सुटते. भात तर आधीच बंद झालेला असतो. डब्यात काकडी आणि गाजर, संध्याकाळी तासभर पळणे किंवा जिम. चार महिन्यांत आठ किलो उतरले, की मैत्रिणी हेवा करतात आणि आईही मनातून सुखावते. उद्या स्थळे बघायची आहेत ना! या कौतुकात एक गोष्ट आईच्या ध्यानात उशिरा येते. वाण्याच्या यादीत दर महिन्याला लिहिले जाणारे पॅडचे पाकीट गेले तीन महिने यादीत नाही. विचारले तर पोरगी म्हणते, "बरंच आहे की, कटकट गेली!" आजी म्हणते, "अशक्तपणा असेल, येईल आपोआप."

येईलही. पण मधल्या काळात तिच्या हाडांत काय चालले आहे, ते ना आजीला दिसते, ना आईला, ना खुद्द त्या मुलीला. या वेळी हाड दुखत नाही, सुजत नाही, तक्रार करत नाही.

वाडा, गवंडी आणि कणीक

हाड म्हणजे एकदा ओतून वाळवलेला सिमेंटचा खांब, अशी आपली समजूत असते. खरे तर ते जुन्या वाड्यासारखे असते; एका अंगाला पाडकाम, दुसऱ्या अंगाला बांधकाम, आणि हे जन्मभर चालूच. जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. रिकाम्या जागी नवे हाड बांधणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. नावे बोजड आहेत, आपण त्यांना पाडणाऱ्या आणि गवंडी म्हणू. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. वाढीच्या वयात गवंड्यांचा जोर असतो, तिशी-पस्तिशीनंतर पारडे हळूहळू फिरते, आणि पाळी जाण्याच्या सुमारास तर पाडणाऱ्यांना मोकळे रानच मिळते.

हिशेबाची गोष्ट अशी, की वयात येतानाची जी ऐन भराची दोन वर्षे असतात, तेवढ्यात मुलगी आपल्या पूर्ण वाढलेल्या हाडांतल्या खनिजाचा सुमारे चौथा हिस्सा जमा करते. विशीच्या आसपास बहुतेक ठेव जमलेली असते. पुढचा सगळा खर्च त्यातूनच भागवायचा. साठीतल्या बाईचे मनगट नुसत्या घसरण्याने मोडते, त्याची अर्धी गोष्ट तिच्या सोळाव्या वर्षी लिहिलेली असते.

हे गवंडी येतात कुठून? हाडाच्या पोकळीत मज्जा असते आणि मज्जेत काही मूळ पेशी. त्यांच्यातून गवंडी निघतात, आणि त्यांच्यातूनच मज्जेतल्या चरबीच्या पेशीही निघतात. कणीक एकच, पोळी लाटायची की पुरी तळायची, ते स्वयंपाक करणारीने ठरवायचे. ही कणीक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोठी बोलू लागते

आता चरबीकडे वळू. बरीच वर्षे शास्त्रज्ञही तिच्याकडे धान्याची कोठी म्हणूनच बघत होते. जास्तीचे आले की भरायचे, कमी पडले की काढायचे. ही कोठी बोलते, हे कळले ते उंदरांमुळे.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९४९ साली उंदरांच्या एका वाणात काही पिल्ले भलतीच लठ्ठ निपजली. ती सतत खात, आणि मोठी झाल्यावर त्यांना पिल्ले होत नसत. पुढे त्याच प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी असा एक लठ्ठ उंदीर आणि एक साधा उंदीर यांचा रक्तप्रवाह शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडला. लठ्ठाचे खाणे कमी झाले, तो उतरला. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात 'पुरे आता' असे सांगणारे काहीतरी होते, आणि लठ्ठापाशी ते नव्हते. हे काहीतरी म्हणजे काय, ते कळायला १९९४ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे जनुक शोधले. हे जनुक काम करते चरबीच्या पेशीत. तिथून जे संप्रेरक, म्हणजे आपण ज्याला हार्मोन म्हणतो ते, रक्तात उतरते, त्याचे नाव लेप्टिन. ग्रीक भाषेत 'लेप्टोस' म्हणजे सडपातळ. चरबीने बनवायचे आणि नाव सडपातळ! बारसे करणाऱ्यांना विनोदाचे अंग होते म्हणायचे.

कोठीत दाणे किती आहेत, हा निरोप लेप्टिन मेंदूला देते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, त्याच्याकडे हा निरोप पोचतो. दाणे पुरेसे आहेत असे कळले की भूक आवरते, पाळीचे चक्र नीट चालते. निरोप क्षीण झाला की मेंदू घरखर्चाला कात्री लावतो. दुष्काळात शहाणी बाई काय करते? लग्नकार्य पुढे ढकलते, घराची डागडुजी थांबवते, चूल मात्र पेटती ठेवते. मेंदूही तेच करतो. हृदय आणि श्वास चालू राहतात; पाळी थांबते, वाढीच्या वयात उंची रखडते, आणि हाडांवरचे गवंडी घरी पाठवले जातात.

चरबी आणि पाळी यांचा काही संबंध आहे, असे हार्वर्डच्या रोझ फ्रिश १९७४ साली सांगत होत्या. त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. निरोप कोण नेतो, ते तेव्हा ठाऊकच नव्हते.

आणखी एक. लेप्टिन नुसत्या साठ्यावर ठरत नाही, रोजच्या आवकेवरही ठरते. दोन-तीन दिवस कडकडीत उपाशी राहिले तर अंगावरची चरबी फारशी उतरत नाही, पण लेप्टिन धाडकन खाली येते. (आपली एकादशी यात धरू नका हं! साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वरीचे तांदूळ आणि रताळ्याचा कीस असल्यावर लेप्टिनला काय धाड भरली आहे? 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे लोक उगाच म्हणत नाहीत.) म्हणूनच वजनाच्या काट्यावर जेमतेम बारीक दिसणाऱ्या मुलीचीही पाळी चुकू शकते, जर ती खाते कमी आणि पळते जास्त अशी स्थिती असेल तर.

उंदरांचा गोंधळ

हाडांचा खरा गुंता यापुढे आहे, आणि मला स्वतःला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो.

लेप्टिन नसलेल्या त्या लठ्ठ उंदरांची हाडे कशी असावीत? हिशेब सोपा होता. त्यांच्यात प्रजननाची संप्रेरके तुटपुंजी आणि ताणाची संप्रेरके वाजवीपेक्षा जास्त. दोन्ही गोष्टी हाडे झिजवणाऱ्या. तेव्हा हाडे ठिसूळ असणार, हे उघडच होते. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात जेरार्ड कार्सेंटी यांच्या प्रयोगशाळेने बघितले तर सगळे उलटे! मणक्यांत हाड नेहमीपेक्षा जास्त. पॅट्रिशिया ड्यूसी आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे प्रसिद्ध केले. त्या उंदरांच्या मेंदूत लेप्टिन सोडल्यावर जास्तीचे हाड कमी झाले. म्हणजे लेप्टिन मेंदूच्या मार्गाने बांधकाम थोपवत होते. दोन वर्षांनी, २००२ साली, त्याच गटाने वाटही दाखवली. घाबरल्यावर छातीत धडधड करणाऱ्या ज्या नसा, त्याच हाडांपर्यंत जातात आणि गवंड्यांना 'हात आवरा' म्हणून सांगतात. हृदयाची धडधड आणि रक्तदाब यांसाठी वापरतात ते प्रोप्रॅनोलॉल उंदरांना दिले, तर त्यांचे हाड वाढले.

झाले! चरबीचे हार्मोन हाडांचे वैरी ठरले.

पण इतरांनी मणका सोडून मांडीचे हाड मोजले. ते त्याच उंदरांत आखूड निघाले, त्याची भिंत पातळ निघाली आणि आतली मज्जा चरबीने भरलेली. लेप्टिन मेंदूत न सोडता अंगात टोचले, तर अशा उंदरांची मांडीची हाडे लांबली. मेयो क्लिनिकमध्ये माणसाच्या मज्जेतल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांना लेप्टिन दिले होते; १९९९ साली त्यांनी सांगितले, की त्या पेशी चरबी होण्याऐवजी गवंडी होण्याकडे झुकल्या. कणकेची पोळी झाली, पुरी नाही. आणि इस्राएलमधल्या संशोधकांना २००२ साली दिसले, की हाडाच्या टोकाशी जी वाढीची कूर्चा असते, जिच्यामुळे मुले उंच होतात, तिच्या पेशींनाही लेप्टिन वाढीला लावते.

मग खरे कोणाचे? दोघांचेही, असे आता बहुतेकांना वाटते. घरातही पाहतोच ना आपण. सुनेचे म्हणणे मुलाच्या तोंडून सासूकडे गेले तर त्याचा अर्थ एक होतो, आणि सुनेने स्वतः येऊन सांगितले तर दुसरा. लेप्टिनचा मेंदूमार्गे गेलेला निरोप मणक्याच्या आतल्या जाळीदार हाडाला लगाम घालतो. रक्तातून थेट पोचलेला निरोप लांब हाडांना आणि कूर्चेला बळ देतो. एवढ्यावर वाद मिटला म्हणाल तर तेही नाही. डॅलसच्या एका गटाने २०१४ साली दाखवले, की उंदराच्या मज्जेतल्या ज्या पेशींतून मोठेपणी हाड आणि चरबी बनते, त्यांच्यावरच लेप्टिनचा निरोप घेणारी जागा असते. आणि २०१६ साली त्याच गटाला आढळले, की तो निरोप या पेशींना चरबीकडे ढकलतो. म्हणजे मेयोच्या बरोबर उलट! उंदीर चार पायांवर चालतो आणि महिन्या-दीड महिन्यात वयात येतो. त्याच्यावरून आपल्या पोरींचा हिशेब मांडताना जरा जपूनच.

पोरींची गोष्ट

माणसांत काय दिसले, ते जास्त कामाचे. अतिव्यायामाने किंवा कमी वजनाने पाळी बंद झालेल्या आठ स्त्रियांना अमेरिकेत तीन महिन्यांपर्यंत लेप्टिन टोचले होते. ते २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यापैकी काहींत स्त्रीबीज पुन्हा सुटू लागले, आणि रक्तात हाडबांधणीच्या खुणा वाढल्या. २०११ साली, मोजक्याच स्त्रियांत का होईना, असे लेप्टिन अधिक काळ दिल्यावर कमरेच्या मणक्यांची घनता सुधारल्याचे दिसले. म्हणजे उपाशी बाईच्या बाबतीत तरी निष्कर्ष सरळ आहे. कोठीचा निरोप तुटला की हाडांचे नुकसान, आणि तो पुन्हा पोचला की सुधारणा.

लेप्टिन एकटेच दोषी आहे असे मात्र नाही. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन घटले, आणि इस्ट्रोजेन हा पाडणाऱ्या पेशींवरचा मुख्य पहारेकरी. वाढीची संप्रेरकेही मंदावतात, ताणाचे कॉर्टिसोल चढते. सगळी संकटे एकदमच येतात. आणि विचित्र गोष्ट अशी, की उपासमारीने अगदी सुकलेल्या मुलींच्या अंगावरची चरबी गेलेली असते, पण हाडाच्या पोकळीतली चरबी वाढलेली आढळते. पोळ्या बंद, पुऱ्या चालू.

धावणाऱ्या मुलींबद्दल तर १९८४ पासून ठाऊक आहे. पाळी बंद झालेल्या खेळाडूंच्या कमरेच्या मणक्यांत खनिज कमी निघाले, पाळी नियमित असलेल्या खेळाडूंत तसे नव्हते. व्यायामाने हाड बळकट होते हे खरेच आहे, पण पोटात पुरेसे असेल तेव्हा. पोलीस भरतीसाठी किंवा मॅरेथॉनसाठी पहाटे उठून पळणाऱ्या आपल्याकडच्या मुलींच्या आयांनी हे जरूर ऐकावे. नडगीत किंवा पावलात एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असे दुखणे आठवडे टिकले, तर ती 'मुरगळ' नसून हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. तेल चोळत बसू नका.

"मग थोडं जाड असलेलं बरं, नाही का?" असे कोणी विचारील. हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येत नाही. पाळी गेल्यानंतर चरबीच्या पेशी थोडे इस्ट्रोजेन बनवतात, अंगाचा भार हाडांना व्यायाम देतो, आणि अगदी किडकिडीत बाईपेक्षा अंगाने भरलेल्या बाईचे खुब्याचे हाड कमी मोडते. इथवर ठीक. पण वजन फार वाढले की लेप्टिन इतके होते की मेंदू त्याच्याकडे कानाडोळा करू लागतो. रोज तेच ओरडणाऱ्या माणसाकडे घरात कोण लक्ष देतो? मुलांचेही तेच. लठ्ठ मूल शाळेत इतरांहून उंच दिसते, आपण 'थोराड आहे हो' म्हणून कौतुक करतो. पण त्याची हाडे वयाच्या पुढे पिकत असतात, मुली लवकर वयात येतात, आणि वाढही लवकर थांबते. शेवटची उंची काही जास्त भरत नाही.

येथे आयुर्वेद जाणणाऱ्या वाचक मला थांबवतील. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या सात धातूंत मेदानंतर लगेच अस्थीच येते, आणि आधीचा धातू पुढच्याला पोसतो असे म्हटले आहे! क्रम खरोखरच विचार करण्याजोगा आहे. पण आपल्या वैद्यांना लेप्टिन ठाऊक होते, असे म्हणून मी टाळ्या घेणार नाही.

आता घरातले. लेप्टिन खाऊन मिळत नाही. ते प्रथिन आहे, पोटात गेले की डाळीसारखे पचून जाते. तेव्हा त्या नावाच्या डब्या आणि कॅप्सूल कोणी विकत असेल तर पैसे वाचवा. टोचण्याचे औषध अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाले, पण ते अंगात चरबीच तयार होत नाही अशा दुर्मिळ आजारासाठी. हाडांसाठी नाही, बारीक होण्यासाठी तर नाहीच. उपाय ताटातच आहे. मुलीला वजन उतरवायचेच असेल तर महिन्याला दीड-दोन किलोपेक्षा घाई नको, आणि पोळी, वरण, तूप यांतले एकही ताटातून हद्दपार करू नका. मोठ्या स्त्रीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली सांगितले आहे. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास मिळते, पेलाभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे. तिळाची चटणी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी ही स्वस्तातली मोठी भर. पण गवंडीच घरी बसवले असतील तर नुसती वाळू-सिमेंट आणून टाकल्याने भिंत उभी राहात नाही, हे विसरू नका.

सलग तीन महिने पाळी आली नाही तर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. कारण उपासच असेल असे नाही. थायरॉइड असेल, बीजकोशाचा त्रास असेल, कधी दिवस गेलेले असतील. डॉक्टरांना तिचे वजन किती दिवसांत किती उतरले, ती काय खाते आणि किती पळते, हे आपणहून सांगा. ती सांगणार नाही. रक्तस्राव यावा म्हणून गोळ्या दिल्या तर विचारा, की मूळ कारणाचे काय? गोळीने महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो, पण त्याने कोठी भरली असे होत नाही, आणि उपासाने गेलेले हाडही अशा गोळ्यांनी सहसा भरून येत नाही. ते येते वजन भरून पाळी आपली आपण सुरू झाल्यावर, तेही हळूहळू. पाळी काही महिन्यांत येईल, हाडाला वर्षे लागतील.

हाडांची घनता मोजायची डेक्सा नावाची तपासणी मोठ्या शहरांत होते. तीत दुखत नाही, क्ष-किरण अगदी थोडे लागतात. तिच्या कागदावर दोन आकडे असतात, टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर. उणे २.५ वगैरे जे आपण ऐकतो तो टी-स्कोअर, आणि तो पाळी गेलेल्या बायकांसाठी. मुलीचा कागद हातात आला तर झेड-स्कोअर बघा. तो तिच्याच वयाच्या मुलींशी तुलना करतो, आणि उणे २ किंवा त्याखाली असेल तर डॉक्टरांशी सविस्तर बोलायला हवे.